गोचीड चावल्यावर: काढायची कशी आणि पुढचे तीस दिवस काय पाहायचं

काजूच्या बागेतून, गुरांमागून किंवा रानवाटेवरून घरी आल्यावर मांडीवर काळपट तीळ दिसतो. नखाने खरवडला तरी हलत नाही. नीट पाहिल्यावर कळतं की त्याला पाय आहेत. पुढच्या दोन मिनिटांत घरातला प्रत्येक जण एकेक उपाय सांगतो. एक रॉकेल आणायला उठतो, दुसरा उदबत्ती पेटवतो, तिसऱ्याचा तंबाखूच्या पाण्यावर विश्वास. शेवटी कोणीतरी चिमटीत धरून ओढतं, गोचीड फुटते आणि ‘डोकं आत राहिलं’ म्हणून सगळे सुईने टोकरत बसतात.

इथे दोन चुका होतात. एक म्हणजे गोचीड दाबणं. दुसरी म्हणजे ती निघाली की विषय संपला असं समजणं. दुसरी जास्त महागात पडते. ताप येतो चार दिवसांनी, कधी आठवड्याने. तोवर गोचीड कोणाच्या लक्षात नसते, डॉक्टरही विचारत नाहीत, आणि तपासण्या भलत्याच आजाराच्या होत राहतात. म्हणून या लेखात काढण्याची रीत जितकी आहे, तितकंच त्यानंतरचं आहे.

टप्पे क्रमाने घ्या. निदान एक गोष्ट तरी पाळा: चिमटा मिळण्यासारखा असेल, तर तो हातात येईपर्यंत गोचिडीला हात लावू नका.

टप्पा १: निघण्याआधीची तयारी

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून अंगावर पडतही नाही. गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या टोकावर पुढचे पाय पसरून ती वाट बघत असते. आपण घासून गेलो की चिकटते आणि जागा शोधत वर चढते. मानेवर सापडलेली गोचीडही बहुतेक वेळा पायावरूनच आलेली असते. तेव्हा बंदोबस्त पायापासून सुरू करायचा.

१. पँटचे पाय मोज्यांत खोचा आणि शर्ट पँटमध्ये. दिसायला बावळट दिसतं, पण बाकी सगळ्या उपायांपेक्षा हाच जास्त उपयोगी. साडी नेसून काम करणाऱ्या बायकांनी आतून लेगिंग किंवा जुनी पँट घालून तिचे पाय मोज्यांत घ्यावेत.

२. कपडे फिकट रंगाचे घाला. काळ्या पँटवर तिळाएवढी गोचीड दिसत नाही.

३. अंगाला लावायचं औषध घेताना वेष्टनावर ‘गोचीड’ हा शब्द आहे का ते वाचा. डासांसाठी विकलं जाणारं प्रत्येक क्रीम गोचिडीवर चालतंच असं नाही. डीट किंवा पिकारिडिन असलेली औषधं चालतात. माकडताप म्हणजे गोचिडीतून होणारा एक विषाणूचा ताप. त्याच्या भागात आरोग्य विभाग वेळोवेळी डीएमपी तेल किंवा डेपा ही अंगाला लावायची औषधं वाटतो. मिळालं असेल तर घरात ठेवून न देता ते वापरा, आणि घाम आला की पुन्हा लावा.

४. परमेथ्रिन हे औषध फक्त कपड्यांवर आणि बुटांवर मारायचं असतं, कातडीवर नाही. मारून पूर्ण वाळल्यावरच कपडे घाला. ओलं असताना घरातल्या मांजरापासून दूर ठेवा, मांजरासाठी ते विषारी असतं.

५. सुकलेल्या पातेऱ्यावर थेट बसू नका, जेवणाचा डबाही तिथे उघडू नका. खाली ताडपत्री घाला, आणि परत गुंडाळण्याआधी ती झटका.

सावधान: सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे, गोव्यात सत्तरीत, आणि शिवमोग्यापासून वायनाडपर्यंतच्या घाटातल्या जंगलांत गोचिडीतून माकडताप होतो. गोव्यात तो २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात आढळला, दोडामार्गात २०१६ मध्ये. मूळ नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, कारण १९५७ मध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. माणसाला चावतात त्या प्रामुख्याने अर्धवट वाढीच्या बारीक गोचिडी, आणि त्यांचा हंगाम नोव्हेंबर ते मे. म्हणजे पातेरा गोळा करण्याचे, लाकूड तोडण्याचे आणि काजू वेचण्याचे नेमके हेच महिने.

या भागात माकड किंवा वानर मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, काठीने उलटवूनही पाहू नका. जनावर मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास उतरतात, आणि तेवढी जागा काही काळ फार धोक्याची होते. जागा नीट लक्षात ठेवून वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

माकडतापाच्या जुन्या लसीच्या भरवशावर कोणी असेल, तर तिचा परिणाम पुरेसा नसल्यामुळे तिचा वापर थांबलेला आहे.

घरात असू द्यावी अशी डबी

बारीक, टोकदार तोंडाचा चिमटा. भुवया कोरायचा प्लकर रुंद आणि तिरप्या तोंडाचा असतो. त्याने मोठी गोचीड निघते, पण बारीक गोचीड त्यात चिरडते. सर्जिकल सामानाच्या दुकानात किंवा घड्याळ दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे टोकदार चिमटा मिळतो. सोबत भिंग, रुंद चिकटपट्टी, स्पिरिट किंवा सॅनिटायझर, झाकणाची छोटी बाटली आणि पेन. पेन कशाला ते टप्पा ४ मध्ये येईल.

टप्पा २: घरी आल्यावर शोध

गोचिडीच्या लाळेत जागा बधिर करणारे घटक असतात, त्यामुळे चावलेलं कळत नाही. खाज सुटेल तेव्हा बघू म्हटलं तर एक-दोन दिवस सहज जातात.

१. कपडे दारातच काढा. पलंगावर किंवा सोफ्यावर टाकू नका. नुसत्या गार पाण्यात भिजवून गोचिडी मरत नाहीत, दोरीवर उन्हात टाकल्यानेही मरतीलच असं नाही. सुती कपडे चुलीवरच्या कढत पाण्यात बुडवा. ड्रायर असेल तर कोरडे कपडे आधी दहा मिनिटं पूर्ण उष्णतेवर फिरवा, धुणं नंतर.

२. दोन तासांच्या आत साबण लावून, अंग घासून आंघोळ करा. नुसत्या चालत असलेल्या गोचिडी निघून जातात. रुतलेली निघणार नाही, पण हाताला लागते.

३. मग उजेडात अंग तपासा, खालून वर: पायाची बोटं, घोट्याभोवती, गुडघ्याच्या मागची घडी, जांघ, कंबर, बेंबी, काख, छातीखालची घडी, मान, कानामागे, केसांची कड, टाळू. कपडा किंवा दोरा घट्ट बसतो तिथे गोचीड अडते आणि तिथेच रुतते. करदोटा, पेटीकोटची नाडी, लंगोटाची कड, ब्राचा पट्टा, घड्याळाचा पट्टा, गळ्यातला दोरा हे सगळं सरकवून पाहा.

४. पाठ आणि डोकं स्वतःला दिसत नाही. दुसऱ्याला सांगा. लहान मुलांचे केस फणीने विभागून, बोटं फिरवून बघा.

तपासा: हाताला लागलेला ठिपका तीळ आहे, खपली आहे की गोचीड? भिंगातून पाय दिसतात. पूर्ण वाढलेल्या आणि अर्धवट वाढलेल्या गोचिडीला आठ पाय, अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लाला सहा. रक्त न प्यायलेली बारीक गोचीड तिळाहूनही लहान, खसखशीच्या जवळपास असते. एरंडीच्या बीसारखी टम्म, राखाडी दिसली, तर ती दोन-तीन दिवस तरी तिथे असणार.

पायावर शेकडो बारीक ठिपके सरकताना दिसले, तर पिल्लांच्या घोळक्यावर पाय पडला आहे. झटकू नका, चोळू नका. चिकटपट्टी दाबा, उचला, घडी घाला, नवी पट्टी घ्या. रुतण्याआधी हे केलं तर बहुतेक सगळी निघतात.

टप्पा ३: गोचीड काढणे

आधी आत काय चाललंय ते समजून घेऊ, म्हणजे हात आपोआप बरोबर चालेल. गोचीड कातडीत डोकं नाही, सोंड घालते. त्या सोंडेला मागे वळलेले काटे असतात, आणि बऱ्याच जातींच्या गोचिडी भोवती सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडून ती पक्की करतात. पोट बाहेर असतं, आणि त्यात रक्त, लाळ आणि असलेच तर रोगजंतू. पोट दाबलं की आतला द्रव जखमेकडे ढकलला जाऊ शकतो. म्हणून पकडायचं सोंडेपाशी, पोटावर नाही.

१. हात धुवा. रबरी हातमोजे असतील तर घाला, नाहीतर बोटांवर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी चढवा.

२. उजेड आणि भिंग नीट लावा. रुग्णाला बसवा किंवा आडवं करा. मूल असेल तर कोणीतरी धरून ठेवायला हवं, ऐनवेळी पाय झटकला की गोचीड तुटते.

३. चिमट्याची टोकं कातडीला टेकवा. दोन टोकांच्या मधे गोचिडीचं तोंड यायला हवं. पोट चिमट्याच्या बाहेर मोकळं दिसलं तर पकड बरोबर आहे.

४. हलकेच घट्ट धरा आणि कातडीपासून सरळ वर, एकसारखा ताण द्या. हिसका नको. कातडी थोडी वर उचलली जाते, तिथेच थांबा आणि ताण तसाच ठेवा. काही सेकंद लागतात, मोठ्या गोचिडीला कधी मिनिटभरही. इथे धीर सुटतो आणि लोक हिसका मारतात. सगळी गडबड याच क्षणी होते.

५. सुटली की गोचीड लगेच बाटलीतल्या स्पिरिटमध्ये टाका. टेबलावर ठेवू नका, ती चालायला लागते.

काढताना गोचीड गोल पिळायची की नाही, यावर वाद चालतो. चिमटा असेल तर पिळू नका, सरळ ओढा. परदेशातून कोणी आणलेला फटीचा प्लास्टिक हुक असेल, तर त्याची रीत वेगळी असते. त्यातले काही गोल फिरवूनच वापरायचे असतात. त्याच्या पाकिटावरचं वाचा आणि दोन रीतींची मिसळ करू नका.

चिमटा नसेल आणि दवाखाना लांब असेल तर? काही तास वाट पाहण्यापेक्षा हाताने काढलेली बरी. बोटांवर प्लास्टिक किंवा कागद घेऊन, दोन नखांच्या कडांनी कातडीलगत धरून तसाच सरळ ताण द्या. अमेरिकेत गोचिडीतून होणाऱ्या लाईम रोगाच्या जंतूला माणसात यायला सहसा चोवीस तासांहून जास्त लागतात, त्यामुळे ‘चोवीस तासांत काढली म्हणजे सुटलो’ असं बरेच जण धरून चालतात. पण तो हिशोब एका रोगाचा आहे. तिकडचाच पोवासन विषाणू प्रयोगात गोचिडीतून प्राण्यांमध्ये पंधरा मिनिटांत गेलेला आहे. विषाणूंच्या बाबतीत घड्याळावर विसंबू नका. दिसली की काढा.

हे करू नका

रॉकेल, खोबरेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, चुना, मीठ, तंबाखू: यातलं काही लावून गोचीड ‘गुदमरून’ सुटेल ही समजूत. गोचिडीचा श्वास फार संथ असतो, ती तासन् तास तशीच राहते. तेवढा वेळ ती आत लाळ सोडत राहते, शिवाय तेलाने चिमटा घसरतो. मीठ आणि तंबाखूची सवय आपल्याकडे जळवांवरून आलेली दिसते. पावसाळ्यात घाटात चालणाऱ्यांच्या खिशात त्याची पुडी असतेच. जळू त्याने सुटते, कारण ती ओलसर कातडीची असते. गोचिडीचं कवच कोरडं असतं, तिला मिठाने काही होत नाही.

उदबत्ती, विडी, पेटती काडी: गोचीड भाजण्याआधी माणूस भाजतो. आणि त्रासलेली गोचीड पोटातलं जखमेत उलटण्याची शक्यता असते, जे टाळायला एवढी खटपट चालली आहे.

नखावर टिचकन फोडणे: ऊ मारल्यासारखी गोचीड मारायची सवय सोडा. तिचं रक्त बोटावरच्या चिरेत किंवा डोळ्यात गेलं तर चाव्याइतकाच धोका.

‘डोकं आत राहिलं’ तर

राहतं ते सोंडेचं टोक, आणि त्याने गोचीड पुन्हा वाढत नाही. चिमट्याने वरच्या वर सहज निघालं तर काढा, नाहीतर सोडून द्या. कातडी ते काट्याप्रमाणे हळूहळू बाहेर टाकते. तिथे छोटी गाठ काही आठवडे राहू शकते. ब्लेड, सेफ्टी पिन आणि सुईने कोरून जी जखम होते ती पिकते, आणि मग लोक त्या पूवाला ‘गोचिडीचं विष’ म्हणतात.

स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका अशा जागा: पापणी, कानाच्या आत, गुप्तांग, तान्ह्या बाळाची टाळू. तिथे डॉक्टरच हवेत.

टप्पा ४: काढल्यानंतरची दहा मिनिटं

१. जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. मग स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद-चुन्याचा लेप नको. पुढे कातडीचा रंग बदलला तर तो त्याखाली दिसत नाही.

२. हात आणि चिमटा धुवा, चिमटा स्पिरिटने पुसा.

३. जागेचा फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. पुढे लाली वाढली की नाही, यावर घरात होणारा वाद वाचतो.

४. आता पेन. बाटलीवर पट्टी चिकटवून लिहा: तारीख, कोण, शरीरावर कुठे, आणि कुठल्या गावात किंवा रानात चावली. हीच नोंद कॅलेंडरवरही करा. दूध आणि गॅसच्या तारखा जिथे लिहिता तिथेच.

५. उरलेलं अंग पुन्हा एकदा तपासा. एक सापडली की शोध थांबतो, आणि दुसरी काखेत राहते.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल, तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात विचारून घ्या. प्रतिजैविकाची गोळी मात्र ‘खबरदारी म्हणून’ स्वतःहून घेऊ नका. माकडताप विषाणूचा आहे, त्यावर ती चालत नाही.

टप्पा ५: तीस दिवसांची नजर

पहिले दोन-तीन दिवस चाव्याभोवती बोराएवढी लाली, खाज, थोडी सूज हे नेहमीचं. ते कमी होत जायला हवं. त्यापलीकडे काय पाहायचं ते दिवसांच्या हिशोबाने:

पहिला ते नववा दिवस. माकडतापाला चाव्यापासून बहुधा ३ ते ८ दिवस लागतात. तो हळूहळू चढत नाही, एकदम येतो: थंडी, कपाळात ठणका, कंबर आणि पोटऱ्या पिळवटतील अशी अंगदुखी, लाल डोळे, उलट्या. काही जणांत हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त.

पाचव्या दिवसापासून पुढे दोन-तीन आठवडे. गोचिडीतून होणारा टायफस आणि बारीक किड्यांच्या अळ्यांतून होणारा स्क्रब टायफस इथे येतात. स्क्रब टायफस गोचिडीचा नाही, पण त्याच गवतात होतो आणि पाऊस संपता संपता जास्त दिसतो. दोन्हींत ताप, डोकेदुखी, आणि चाव्याच्या जागी कधी काळी कोरडी खपली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, म्हणून काखेत किंवा जांघेत असली तर रुग्णालाच माहीत नसते. गोचिडीच्या टायफसमध्ये पुरळ तळहात-तळपायांवरही येऊ शकतं.

तपासा: रोज संध्याकाळी एकदा थर्मामीटर. ‘अंग गरम वाटतंय’ यापेक्षा आकडा लिहिलेला बरा.

चावा लागल्यानंतर लहान मूल अचानक लटपटायला लागलं, पाय उचलत नाहीसं झालं, तर केसांत अजून एखादी गोचीड रुतलेली नाही ना ते आधी बघा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. गोचिडीच्या लाळेमुळे येणारा असा लुळेपणा क्वचित दिसतो, आणि गोचीड काढल्यावर सहसा उतरतो.

टप्पा ६: ताप आला तर

आमच्याकडे कोकणात ताप म्हटलं की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो या क्रमाने तपासण्या होतात. पावसाळ्यात तो क्रम ठीक आहे. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, कडक उन्हात, काजू वेचणाऱ्या माणसाला एकदम ताप भरला आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट खाली आल्या, तर ‘डेंग्यू निगेटिव्ह आला, म्हणजे साधा व्हायरल’ इथे थांबून चालत नाही.

१. त्याच दिवशी जा. ‘दोन दिवस बघू’ नको. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू थेट शोधणारी आरटी-पीसीआर तपासणी उपयोगी असते. नंतर प्रतिपिंडांची आयजीएम तपासणी करावी लागते.

२. जाताना बाटली आणि तारीख सोबत न्या. दारातच असं सांगा: ‘डॉक्टर, बारा तारखेला दोडामार्गात काजूच्या बागेत होतो. पायाला गोचीड रुतली होती, तेराला काढली. आज सतराला सकाळपासून ताप, कपाळ फुटतंय. रानात माकड मेल्याचं ऐकलंय.’ या चार वाक्यांवर तपासण्यांची दिशा बदलते. विचारतील तेव्हा सांगू म्हणून बसू नका, गर्दीत ते विचारलं जाईलच असं नाही.

३. माकडतापाच्या भागात असाल तर खासगी दवाखान्यात अडकून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथून नमुना ठरलेल्या प्रयोगशाळेत जातो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत ही तपासणी होते.

४. दवाखान्यात पोचेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या मात्रेत. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. आपल्याकडे अंगदुखीला कमरेत इंजेक्शन मारून घ्यायची सवय आहे. रक्तस्रावाच्या तापात ते टाळायला हवं, प्लेटलेट कमी असताना सुई टोचलेल्या जागीही रक्त साचतं.

५. पाणी, पेज, ओआरएस घेत राहा. माकडतापावर नेमकं विषाणूविरोधी औषध नाही. शरीरातलं पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळणं हाच उपचार, आणि तो वेळेवर मिळण्यावर बरंच अवलंबून असतं. या तापात शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात.

टायफसचं उलट आहे. त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखं औषध उत्तम चालतं, फक्त तसा संशय यायला हवा. काळी खपली दिसली तर लाजू नका, जांघेत असली तरी दाखवा.

सावधान: माकडतापाचा ताप उतरल्यावर साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी दुसरा झटका येतो. त्यात तीव्र डोकेदुखी, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं, नजर अंधूक होणं. घरी आलेल्या माणसाला लगेच कामावर पाठवू नका आणि अशी लक्षणं दिसली तर ‘अशक्तपणा’ म्हणून सोडू नका. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे रुग्णाची वेगळी ताट-वाटी वगैरे करायची गरज नाही.

लगेच रुग्णवाहिका बोलवा: नाका-तोंडातून रक्त, काळी शौच, गुंगी, फिट, श्वासाला त्रास. १०८ लावा.

टप्पा ७: गुरं आणि कुत्रा

माणसाच्या अंगावरची एक गोचीड काढून गोठ्यातल्या शेकडो तशाच ठेवल्या तर हे सगळं दर आठवड्याला करावं लागेल.

गुरांच्या कानात, आचळांभोवती, शेपटीखाली गोचिडी जमतात. हाताने तोडून पायाखाली चिरडण्याची पद्धत घराघरांत आहे. तीत दोन घोटाळे आहेत. पहिला, रक्त पिऊन टम्म झालेली मादी गोठ्याच्या भेगेत जाऊन हजारो अंडी घालते. ओढून बाहेर फेकलेली मादीही तेच करते. दुसरा गंभीर आहे. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू गुरांवरच्या काही गोचिडींत असू शकतो, आणि तो चाव्याशिवाय, फोडलेल्या गोचिडीच्या किंवा जनावराच्या रक्तातूनही माणसात येतो. २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात त्याचे रुग्ण सापडले. जनावर आजारी दिसत नाही, त्यामुळे अंदाज येत नाही. माकडतापाच्या उलट, हा ताप रुग्णाच्या रक्तातून दुसऱ्या माणसाला लागतो.

१. हातमोजे घालून चिमट्याने काढा आणि रॉकेलच्या बाटलीत टाका. रॉकेलचा खरा उपयोग इथे.

२. औषध पशुवैद्यकाला विचारून निवडा. दुभत्या जनावराला कोणतं चालेल आणि किती दिवस दूध वापरायचं नाही, हे विचारल्याशिवाय टोचून किंवा फवारून घेऊ नका. दुकानदाराचा अंदाज पुरेसा नाही.

३. नुसतं जनावर फवारून भागत नाही. त्याच वेळी गव्हाणीच्या, भिंतीच्या आणि दगडी फरशीच्या भेगा साफ करून त्यांतही औषध मारा. अंडी तिथे असतात. पशुवैद्यक सांगतील तितक्या दिवसांनी पुन्हा मारा, पहिल्या फेरीत अंडी वाचतात.

४. कुत्र्याचे कान आतून, बोटांच्या मधे आणि पट्ट्याखाली बघा. कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातच राहू शकते. पडद्याच्या घडीत, दाराच्या चौकटीत, भिंतीच्या वरच्या भेगेत चढलेली दिसते. कुत्रा सुस्त, ताप, नाकातून रक्त असं असेल तर त्यालाही गोचिडीचा ताप असू शकतो. मांजराला कुत्र्याचं औषध कधीही लावू नका.

परदेशी राहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सी, कनेटिकट, पेनसिल्व्हेनिया या भागांत मुख्य चिंता लाईम रोगाची, आणि गोचीड हरणांच्या वावरातली. काढण्याची रीत तीच. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत जागेभोवती पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. वर्तुळाच्या मधे ठिपका असायलाच हवा असं नाही, आणि सावळ्या कातडीवर ते लाल न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसू शकतं. त्या गोचिडीची जात, ती दीड दिवसाहून जास्त रुतून होती का, आणि काढून ७२ तास उलटले आहेत का, यावर तिथले डॉक्टर एक मात्रा औषध द्यायचं की नाही ते ठरवतात. म्हणजे फोन पहिल्या तीन दिवसांत करायचा.

मे महिन्यात गावी येऊन परतणाऱ्यांनी याचं उलट लक्षात ठेवायचं. विमान पकडण्याआधी दोन दिवस दोडामार्गात किंवा सत्तरीत काजूखाली फिरला असाल, तर माकडतापाचे ३ ते ८ दिवस तिकडे पोचल्यावर पुरे होतात. तिकडचा डॉक्टर गोचीड म्हटल्यावर लाईमचा विचार करेल. त्याला तालुक्याचं नाव, चावल्याची तारीख आणि ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ हे तीन शब्द लिहूनच द्या.